विद्यापीठाच्या द्वारातील निळे ध्वज

मकरसंक्रांत म्हटली की आमच्या विक्रोळीतील बालगोपाळांचे डोळे आकाशाकडे लागतात. कन्नमवारनगर काय, टागोरनगर काय, पतंगावाचून दुसरे काही सुचत नाही. त्याच दिवशी, १४ जानेवारीस, छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या द्वारापाशी हजारो स्त्रीपुरुष निळे ध्वज घेऊन जमतात व त्या द्वारास वंदन करतात. विद्यापीठाच्या दारास वंदन करावयास लोक लांबलांबून यावेत, हे दृश्य इतरत्र क्वचितच दिसेल. परंतु त्या ध्वजांमागचा इतिहास आपल्या मुलांस सांगितला जातो काय? आमच्या मते, पुरेसा सांगितला जात नाही.

हे विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी ‘मराठवाडा विद्यापीठ’ या नावाने स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी हे पुष्कळ वर्षे आपल्या मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव होते. तत्पूर्वी मराठवाड्यातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठास जोडलेली असत. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल त्या विद्यापीठाने विद्यार्थ्यांस काढून टाकले, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांस जवळ केले. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. तेव्हा ‘मराठवाडा’ या नावावर तेथील लोकांचे प्रेम असावे, यात नवल नाही. १७ सप्टेंबरचा तिरंगा त्यांनी दुःख सोसून मिळविला होता.

परंतु त्याच भूमीवर दुसरेही एक कार्य घडत होते. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. ज्यांच्या घराण्यात कोणी अक्षर गिरविले नव्हते, अशी खेड्यापाड्यांतील मुले तेथे शिकून पदवीधर झाली. त्यांनी विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव मागावे, यात गैर ते काय?

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला, आणि मराठवाड्यात आग भडकली. दलितांच्या वस्त्या जाळण्यात आल्या, माणसे मारली गेली, कित्येक कुटुंबे गाव सोडून परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यातील पोचिराम कांबळे यांचा त्या दिवसांत बळी गेला. १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपुराहून औरंगाबादेकडे मोठा मोर्चा निघाला. सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी, ठराव होऊन पंधरा वर्षे लोटल्यावर, आजचे नाव मिळाले. एका पाटीवरील अक्षरांस एवढा काळ लागावा!

जुने नाव राखू पाहणाऱ्या सर्वांचाच हेतू दुष्ट होता, असे आम्ही म्हणत नाही. प्रदेशाचा अभिमान ही काही निंद्य गोष्ट नव्हे. परंतु अभिमानाने शेजाऱ्याचे छप्पर जाळावयाचे नसते. आणि ज्यांनी ते जाळले त्यांस नावाची चाड होती की जातीची, हे उघडच आहे. नवीन नावात ‘मराठवाडा’ हा शब्द तसाच राहिला आहे, हेही विसरू नये. सप्टेंबरातील तिरंगा आणि जानेवारीतील निळा ध्वज यांचे परस्परांशी वैर आहे, असे जे भासवितात ते दोन्ही ध्वजांचा इतिहास अर्धाच वाचतात.

आमची सूचना साधी आहे. ध्वज दिसतो, पण तो कोणाची किंमत देऊन उभा राहिला ते त्यावर लिहिलेले नसते. म्हणून संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपल्या वर्गांतून १९७८ ते १९९४ ही हकीकत सांगितली जावी. नावे व सने यांसह, कोणाची भीड न धरता. पाव तास पुरेल. पतंग मग खुशाल उडवावेत.

सरकारने या बदलास ‘नामविस्तार’ म्हटले. लढ्यातील लोक मात्र अद्याप ‘नामांतर’ म्हणतात. विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून पाहा, ते कोणता शब्द योजितात. आणि तोच का, हेही विचारा.