खुर्चीला धर्म नसतो

सरकारी कचेरीत खुर्चीवर बसलेल्या माणसाला धर्म असतो; खुर्चीला तो नसतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील आमच्या बौद्ध बंधुभगिनींना ही गोष्ट समजावून सांगण्याची वास्तविक गरज नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी चावडीबाहेर उभे राहून दाद मागितली, त्यांना अंमलदाराने आपला धर्म कचेरीत आणला म्हणजे काय होते, हे पुरते ठाऊक आहे. तरीही आज हा विषय काढण्यास कारण घडले आहे.

१ एप्रिल २०२२ रोजी बारामतीच्या खासदार श्रीमती सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडले. दोन पुरुषांचा अथवा दोन स्त्रियांचा विवाह कायदेशीर ठरावा म्हणून १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करावी, अशी त्यांची मागणी होती. इंदापूर तालुका याच मतदारसंघात मोडतो. विधेयक मंजूर न होताच २०२४ मध्ये त्या लोकसभेबरोबर संपुष्टात आले. दरम्यान १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा विवाह हा मूलभूत हक्क मानण्यास नकार दिला आणि कायदा करण्याचा प्रश्न संसदेवर सोपविला. म्हणून आज आपल्या देशात कोणताही विवाह अधिकारी असा विवाह नोंदवू शकत नाही. परंतु उद्या कायदा झाला आणि अधिकारी म्हणाला, "माझा धर्म या सहीला परवानगी देत नाही," तर त्याला काय उत्तर द्यावयाचे?

अन्य देशांत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिलेला आहे. अमेरिकेच्या केंटकी राज्यात किम डेव्हिस नावाच्या अधिकारी स्त्रीने २०१५ साली धर्माचे कारण सांगून विवाहाचे परवाने देणेच बंद केले. न्यायालयाचा हुकूम मोडल्याबद्दल तिला तुरुंगात जावे लागले. दक्षिण आफ्रिकेने २००६ च्या कायद्यात सरकारी विवाह अधिकाऱ्यांना सदसद्विवेकाच्या नावाखाली नकार देण्याची मुभा ठेवली होती. ती मुभा २०२० मध्ये कायद्यातून काढून टाकावी लागली. हक्क कागदावर द्यावयाचा आणि तो बजावून घेणे कारकुनाच्या मर्जीवर सोडावयाचे, हा हक्क नव्हे. ती भीक होय.

आम्हांला हा अनुभव नवा नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे १९२४ साली ठरावाने खुले केले. पण पाणी मिळाले नाही. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी सत्याग्रह केला, तेव्हा त्याच नगरपालिकेने सनातन्यांच्या दडपणाखाली तो ठरावच रद्द केला. धर्म आड आला तो असा!

आता दुसरे उदाहरण पाहा. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीस बाबासाहेबांचा विवाह नोंदणी पद्धतीने झाला. वधू सारस्वत ब्राह्मण कुटुंबातील, वर महार कुटुंबात जन्मलेला. शास्त्राच्या दृष्टीने याहून निषिद्ध विवाह कोणता? त्या दिवशी शास्त्राला विचारले गेले नाही. कायद्याला विचारले गेले आणि विवाह नोंदला गेला. हाच न्याय आमच्या आंतरजातीय विवाह करणाऱ्या मुलामुलींना आजही हवा असतो. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लागते. परंतु जात अथवा धर्म भिन्न आहे, ही हरकत त्या कायद्यात बसत नाही.

यावर कोणी विचारील, "मग बौद्ध नोकराने कचेरीतील सत्यनारायणाला हात जोडावयाचे काय?" मुळीच नाही. पूजा हे त्याचे सरकारी काम नव्हे. तिला नकार देताना तो कोणाचा हक्क हिरावून घेत नाही. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने दिलेले स्वतःचे स्वातंत्र्य सांभाळतो. पण तोच नोकर देवस्थानाचा कायदेशीर दस्त आला असता "मी देव मानत नाही" म्हणून परत पाठवील, तर तो दोषी ठरेल. स्वतःच्या मनावर आपली सत्ता आहे, दुसऱ्याच्या हक्कावर नाही. सदसद्विवेकाची मर्यादा येथे आहे. ज्याला ती पाळणे असह्य होईल, त्याने खुर्ची सोडावी. नागरिकाला दारातून परत पाठवू नये.

आमच्यापैकीही काहीजण पंचशीलाकडे बोट दाखवतील. कामभोगातील मिथ्याचार म्हणजे जबरदस्ती, फसवणूक, परक्याच्या संसाराचा विध्वंस. दोघांनी राजीखुशीने एकमेकांची आयुष्यभराची जबाबदारी स्वीकारणे यात मिथ्याचार कोठे आला? ज्या थायलंडमध्ये बहुसंख्य लोक बौद्ध आहेत, तेथे २३ जानेवारी २०२५ पासून असे विवाह कायद्याने होत आहेत. तेथे धम्म बुडाला नाही.

आमची मुले आज कारकून, शिक्षक, निबंधक होत आहेत. ज्या मेजापुढे त्यांचे आजोबा अदबीने वाकून उभे राहत, त्या मेजामागे ती आता बसतात. समोर येणारा माणूस आपल्याला पटो वा न पटो, त्याचा कागद कायदेशीर असेल तर मान वर करून, "बसा" म्हणून तो हातात घ्यावा, एवढे तरी आपण त्यांना घरी शिकविले पाहिजे. दुसऱ्याच्या धर्मामुळे दाराबाहेर उभे राहिलेल्यांनी स्वतःच्या धर्माचे दार कोणाच्या तोंडावर लावू नये.