डब्यातल्या तुपाचा हिशेब

माझगावच्या डॉकयार्ड रोड स्थानकावरून वडाळ्याकडे जाणारी हार्बर गाडी पकडली, की रे रोड, कॉटन ग्रीन आणि तिसरे स्थानक शिवडी. आज शिवडी म्हटले की खाडीतले फ्लेमिंगो आठवतात, नाहीतर अटल सेतू. पण आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर शिवडीचे नाव वेगळ्याच कारणासाठी घ्यावे लागेल. लिव्हर ब्रदर्सच्या हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३२ साली येथे वनस्पती तुपाचा कारखाना सुरू केला आणि १९३७ मध्ये त्या तुपाचे 'डालडा' असे बारसे झाले. त्याचा पिवळा डबा मराठी चाळीचा भागच होऊन गेला. तूप संपल्यावर त्यात डाळ-तांदूळ भरले गेले, गॅलरीत तुळस लावली गेली आणि पहाटेच्या रांगेत तो कशासाठी नेला जाई, ते चाळकऱ्यांना सांगायला नको.

डालडा आपल्या घरात आला तो गरिबाचे तूप म्हणून. गिरणीत आणि गोदीत राबणाऱ्याला साजूक तुपाचा भाव झेपणारा नव्हता. वनस्पती तूप स्वस्त, पांढरेशुभ्र, रवाळ आणि लवकर न खवटणारे. चिरोट्यांचा साटा त्यात छान फेसला जाई. शंकरपाळ्यांना त्याचे कडकडीत मोहन घातले की त्या तोंडात विरघळत. ज्या गृहिणींनी या डब्यावर मुलाबाळांचे सणवार साजरे केले, त्यांना आज दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. प्रश्न निराळा आहे. हे स्वस्त तूप खरोखर किती स्वस्त पडले आणि त्याची उरलेली किंमत कोणी चुकवली?

त्यासाठी थोडे रसायनशास्त्र समजून घेऊ. शेंगदाण्याचे, सरकीचे तेल पातळ असते, कारण त्यातल्या स्निग्धाम्लांचे रेणू वाकलेले असतात. वाकड्या काटक्यांची मोळी जशी घट्ट बांधता येत नाही, तसे हे रेणू एकमेकांना लागून बसत नाहीत. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीने, निकेलच्या साहाय्याने गरम तेलात हायड्रोजन मिसळला की तेल थिजू लागते. लोण्यासारखा मऊपणा हवा असेल तर ही क्रिया अर्धवट थांबवावी लागते. या अर्धवट कामात काही रेणूंची ठेवण बदलते आणि ते काडीसारखे सरळ होतात. हेच ट्रान्स फॅट. दुधा-तुपातही ते निसर्गतः असते, पण अगदी थोडे.

गंमत अशी, की आपल्याकडे वनस्पतीला पहिल्यापासून विरोध झाला, पण दुसऱ्याच मुद्द्यावर. गांधीजींचा या तुपाला विरोध होता. स्वातंत्र्यानंतर बंदीची मागणी संसदेपर्यंत पोहोचली, सरकारने लोकमत अजमावले आणि प्रश्न भिजत पडला. साजूक तुपातली भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे झाले, कारण तिळाचे तेल साध्या चाचणीत रंग दाखवते. सारा वाद खरे तूप की खोटे, एवढ्याभोवती फिरत राहिला. खोट्या तुपातला खरा दोष कुठे आहे, हे त्या वादात कुणालाच दिसले नाही.

तिकडे अमेरिकेत फ्रेड कुमरो या शास्त्रज्ञाने १९५७ मध्येच हृदयविकाराने दगावलेल्या रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत ट्रान्स फॅट आढळल्याचे दाखवून दिले होते. त्याचे कुणी फारसे मनावर घेतले नाही. १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सिद्ध केले, की ट्रान्स फॅटने रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि चांगले घटते. दुसरा कोणताही स्निग्ध पदार्थ असा दुहेरी मार देत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार दिवसभराच्या उष्मांकांपैकी अवघे २ टक्के ट्रान्स फॅटमधून आले, तरी हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. आपल्याला तर अधिकच सावध राहायला हवे. २००४ च्या 'इंटरहार्ट' या बावन्न देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येत असल्याचे दिसले. म्हणजे मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते ऐन मध्यावर असताना.

कायदा मात्र सावकाश चालत आला. डेन्मार्कने २००३ मध्येच स्निग्ध पदार्थांत २ टक्क्यांहून अधिक ट्रान्स फॅट नको, असा नियम केला. २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने आपल्या बाजारातले वनस्पतीचे डबे तपासले, तेव्हा त्या मर्यादेच्या पाच ते बारा पट प्रमाण आढळले. त्यानंतर आपल्याकडे १० टक्क्यांची मर्यादा आली, मग ५, २०२१ मध्ये ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. ही मर्यादा तेला-तुपाला तर आहेच, ते वापरून केलेल्या खाद्यपदार्थांनाही आहे.

या आकड्यांचा अर्थ खारीच्या पुडीवर लावून पाहू. समजा १०० ग्रॅम खारीत ३० ग्रॅम स्निग्धांश आहे. त्यात २० टक्के ट्रान्स फॅट असेल तर झाले ६ ग्रॅम. १० टक्के असेल तर ३ ग्रॅम आणि २ टक्के असेल तर अर्ध्या ग्रॅमहून थोडे जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दोन हजार उष्मांकांच्या आहारात दिवसभरात मिळून ट्रान्स फॅट २.२ ग्रॅमच्या आत हवे. म्हणजे पूर्वी संध्याकाळच्या चहाबरोबरच दिवसाची मर्यादा ओलांडली जात असे. नवा नियम किती मोलाचा आहे, ते यावरून कळावे.

पण नियम पाळला जातो की नाही, हे त्या खारीकडे पाहून कसे ओळखायचे? बँकेत असताना लहान बेकऱ्यांचे कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. कच्च्या मालाच्या रकान्यात मैद्याखालोखाल वनस्पतीचा आकडा असे. त्या जागी लोणी लिहिले, तर नफ्याचा रकाना रिकामाच राहिला असता. पहाटे तीनला भट्टी पेटवणारा हा माणूस काही खलनायक नव्हे. त्याला घाऊक बाजारात जे स्वस्त आणि टिकाऊ मिळते, ते तो वापरतो. त्याच्याकडची खारी, बटर, नानकटाई घेणारा गोदी कामगारही भाव पाहूनच घेतो. पाकिटबंद बिस्किटाच्या मागे निदान बारीक अक्षरांत काहीतरी छापलेले असते. काचेच्या बरणीतल्या खारीला पाठच नसते. ज्याला महाग पाकीट परवडते त्याला माहिती मिळते; ज्याला परवडत नाही, तो विश्वासावर खातो.

वड्याच्या कढईचीही तीच गोष्ट. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात नको ती संयुगे साठत जातात. त्यावर २०१८ पासून मर्यादा आहे, पण तेलाची नोंदवही ठेवण्याची सक्ती दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणीला वापरणाऱ्यांनाच आहे. कोपऱ्यावरची गाडी या वहीत कधीच येत नाही.

यावर एक साधा उपाय सुचतो. ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानांत सुट्या मिठाईच्या ताटापुढे 'अमुक तारखेपर्यंत खावी' अशी पाटी लावणे सक्तीचे झाले. दुकानदारांनी कुरकुर केली, पण त्या पाटीने कुणाचे दिवाळे निघाले नाही. तशीच दुसरी पाटी बेकरीच्या बरणीवर का नको? 'लोण्यात केलेले', 'वनस्पतीत केलेले', 'पाम तेलात केलेले', एवढे तीन शब्द पुरेत. पाम तेल मुद्दाम लिहिले, कारण ट्रान्स फॅट काढून टाकल्यावर त्याची जागा बऱ्याचदा तेच घेते आणि त्यात जवळजवळ निम्मा भाग संपृक्त मेदाचा असतो. ट्रान्स फॅटहून ते बरे, पण 'ट्रान्स फॅट नाही' म्हणजे 'पोटभर खा' असा अर्थ कुणी काढू नये. पाटीच्या जोडीला अन्न व औषध प्रशासनाने सुट्या मालाचे नमुने नेमाने तपासावेत आणि निकाल मराठीत जाहीर करावेत.

घरात करण्यासारखे थोडकेच आहे, पण आहे. फराळाला वनस्पती नको. शेंगदाण्याचे नाहीतर तिळाचे तेल, आणि साट्यापुरते चमचाभर साजूक तूप. तळून उरलेले तेल पुन्हा तळणीला न घेता दोन दिवसांत फोडणीला संपवावे. पाकिटावर 'अंशतः हायड्रोजनीकृत' असे शब्द दिसले तर ते पाकीट परत ठेवावे. आणि बेकरीवाल्याला हसत विचारावे, 'शेठ, हे कशात केलंय?' दहा गिऱ्हाइकांनी विचारले, की अकराव्याला तो आपणहून सांगू लागेल.