ओलीवर रंग

शाडूची मूर्ती पुरती वाळल्याशिवाय तिला रंग लावायचा नाही, हे पेणच्या कारखान्यात काल आलेल्या पोऱ्यालाही ठाऊक असतं. आत ओल राहिली की रंग धरत नाही. त्याच पेणहून रोहा-कोलाडकडे जाताना लागणाऱ्या जुन्या रिसॉर्टांत मात्र पावसाळा सरतो न सरतो तोच ओल्या भिंतींवर नवा रंग चढतो आणि पर्यटकाला ‘नूतनीकरण झालंय’ असं सांगितलं जातं.

दार उघडताच कुबट वास सारं सांगून टाकतो. एसीखाली पाण्याचे ओघळ, न्हाणीघराची फुगलेली चौकट, न लागणारी कडी. छताचा पोपडा सुटलेला असला तर तो प्रश्न दिसण्याचा उरत नाही. भेगांतून पाणी आतल्या सळीपर्यंत पोचलं की सळी गंजते, गंजून फुगते आणि भोवतालचं काँक्रीट ढकलून पाडते. वरून डिस्टेंपर मारलं तरी आत गंज चालूच राहतो.

मालकांची अडचणही खरी आहे. पूर्वी कोकणात पावसाळा म्हणजे मंदी. आता चिंब भिजायला येणाऱ्यांमुळे तोच हंगाम झाला. कुंडलिकेतलं राफ्टिंग तर बाराही महिने चालतं, कारण 1927 पासून चालू असलेल्या भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणारं पाणी या नदीत येतं. कोरड्या महिन्यांत लग्नं आणि शाळांच्या सुट्ट्या. डागडुजीसाठी खोल्या रिकाम्या ठेवायच्या कधी?

तरी ठेवाव्याच लागतील. याच जिल्ह्यात महाडची पाच मजली तारिक गार्डन इमारत 24 ऑगस्ट 2020 रोजी कोसळली आणि 16 जणांचा जीव गेला. ती जेमतेम दहा वर्षांची होती. इमारत किती जुनी हे विचारून भागत नाही. तिचे खांब, तुळया, स्लॅब अभियंत्याने तपासलेत का, हे विचारायला हवं आणि पर्यटकानेही ते बुकिंग करतानाच विचारावं.

या जुन्या जागा मोडून काचेच्या पेट्या उभारा, असं मात्र कुणी म्हणू नये. तीस वर्षांत वाढलेली आंब्या-फणसांची सावली पैशाने आणता येत नाही. थंडीत अंगणात भांबुर्डीच्या पाल्यात लागणारी पोपटी आणि गावातल्या बायकांच्या हातची तांदळाची भाकरी हे इथलं खरं वैभव. त्यासाठीच माणूस मुंबई-गोवा महामार्गाचे हाल सोसून इथवर येतो.

सगळं रिसॉर्ट एकदम बंद करायची गरज नाही. दरवर्षी दिवाळीनंतर एकच इमारत रिकामी करावी. आधी गच्चीची गळती थांबवावी, सैल गिलावा खरवडावा, सळ्या घासून दुरुस्त कराव्यात, भिंतींना ऊन-वारा लागू द्यावा. काम चालू असल्याचं पाहुण्याला फोनवरच सांगावं आणि आवाजाचा त्रास होणार असेल तर भाडं कमी घ्यावं. रंगाचे डबे तोवर, मार्च उजाडेपर्यंत, कोठीतच राहू द्यावेत.