प्रवाळभिंतीचा गवंडी

कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना समुद्राच्या रसायनाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण प्रश्न न्यायाचा आहे.

प्रवाळ पांढरे पडले की जग हळहळते. प्रवाळभिंतीच्या गवंड्याची मात्र कोणी विचारपूस करीत नाही. खडकावर गुलाबी लेपासारखे पसरणारे चुनेदार शैवाल, हा तो गवंडी. प्रवाळांचे तुकडे तोच सांधतो. हॅलिमेडा हे दुसरे, हिरवे शैवाल. ते मेल्यावर त्याच्या चुन्याची वाळू होते. प्रशांत महासागरातील तुवालू देशात फुनाफुटीच्या खारकच्छाचा तळ १८९८ साली खोदून पाहिला, तेव्हा हॅलिमेडाचेच थर लागले.

माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र गिळतो. त्यामुळे औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या वरच्या थराची आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आणि चुना घडविण्यास लागणारे कार्बोनेट घटले. गुलाबी शैवालाच्या चुन्यात मॅग्नेशियम अधिक, म्हणून तो लवकर विरघळतो.

तुवालूच्या मूठभर लोकांनी धूर तो किती सोडला असेल? तरी उद्या झीज व्हायची ती त्यांच्याच पायाखाली. गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, ही कुठली नीती? निदान विज्ञानाने केले आहे. हा सवाल विचारणे आपले काम आहे.