प्राणवायूचे यंत्र, छपरावरचे ऊन आणि कोळशाची वीज

घरी प्राणवायूचे यंत्र ठेवावे लागते अशा कुटुंबांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. "डॉक्टर, घरावर सोलर बसवले आहे. आता लाइट गेली तरी आबांचे मशीन चालू राहील ना?" विचारणाऱ्याने मोठा खर्च केलेला असतो, शासनाचे अनुदानही मिळालेले असते आणि माझ्याकडून त्याला केवळ होकार हवा असतो. बहुतेक घरांच्या बाबतीत उत्तर नकारार्थी आहे. ते तसे का, हे पाहू लागलो की आपण कोळशाची वीज हवी की सूर्याची, या वादात आपोआपच शिरतो. हा वाद वृत्तपत्रांत अर्थकारणाच्या पानावर चालतो. ज्या घरात एखाद्या वृद्धाचा श्वास विजेवर अवलंबून आहे, तेथे तो आरोग्याचा प्रश्न आहे.

प्रथम छपराविषयी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटच्या संचाला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. घरगुती छपरांवर बसणारे बहुतेक संच महावितरणच्या तारेशी जोडलेले आणि बॅटरीविना असतात. दिवसा जास्तीची झालेली वीज नेट मीटरमधून तारेत जाते, रात्री आपण तारेतून वीज घेतो आणि हिशेब मीटरवर होतो. तारेतील वीज गेली की हा संच भर दुपारी, कडक ऊन असतानाही, स्वतःहून बंद पडतो. हा बिघाड नव्हे, ती मुद्दाम केलेली योजना आहे. खांबावर चढलेला वायरमन तारेत वीज नाही असे समजून हात घालतो. आपल्या छपरावरून तिच्यात वीज शिरली तर त्याचा जीव जाईल. म्हणून असा संच बिल कमी करतो, परंतु वीज गेल्यावर आबांच्या उपयोगी पडत नाही. त्यासाठी बॅटरी आणि तिच्यासह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. अनुदान पटलांच्या क्षमतेवर ठरते, बॅटरीचा खर्च आपला आपण करावा लागतो.

मग रात्री दोन वाजता आबांचे यंत्र कशावर चालते? मुख्यतः कोळशावर. २०२५ च्या मध्यास भारताच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू, तेल यांवाचून चालणारी झाली, अशी घोषणा झाली आणि ती खरी आहे. तरीही प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा ७० टक्क्यांहून अधिकच आहे. आमच्या दौंड-शिरूरच्या दूध उत्पादकांना हे चटकन कळते. दावणीला किती गाई बांधल्या आहेत आणि डेअरीत किती लिटर दूध गेले, हे दोन वेगळे आकडे आहेत. सौरपटले दिवसातून काही तासच दूध देतात, आणि पावसाळ्यात आणखी कमी. सायंकाळी सातनंतर घरोघरी दिवे, पंखे, दूरचित्रवाणी संच सुरू होतात, नेमके तेव्हा ऊन नसते. दिवसाची वीज रात्रीसाठी साठविण्याचे मार्ग आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील घाटघर येथे २५० मेगावॉटचा असा प्रकल्प आहे. तेथे मागणी कमी असताना पाणी वर चढवितात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करतात. आता मोठ्या बॅटऱ्यांचे प्रकल्पही उभे राहू लागले आहेत. परंतु सारी रात्र त्यांवर काढता येईल एवढा साठा आज आपल्यापाशी नाही. म्हणून कोळशाची केंद्रे उद्याच बंद करा, अशी मागणी मी करणार नाही. ज्यांचे रुग्ण विजेवर श्वास घेतात त्यांनी ती करू नये.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आबांची फुप्फुसे ज्या कारणांनी निकामी झाली त्यांत धूर हे प्रमुख कारण असते. कोळसा जळताना अतिसूक्ष्म कण, गंधकाचा वायू, नायट्रोजनची संयुगे आणि थोडा पारा बाहेर पडतो. गंधकाचा वायू दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतो. तो हवेत तसाच राहत नाही. वाऱ्याबरोबर जाताना त्याचेच सूक्ष्म कण बनतात आणि शेकडो किलोमीटर प्रवास करतात. हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहूनही बारीक असल्याने नाकातील केस, घशातील कफ यांना चुकवून फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात आणि तेथून रक्तात शिरतात. म्हणून धुराचा त्रास केवळ खोकल्यापुरता नसतो. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाणही त्याने वाढते.

ज्येष्ठांच्या दृष्टीने या विषयावरचा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ६५ वर्षे व त्यापुढील वयाच्या कोट्यवधी नागरिकांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. १९९९ ते २०२० या काळात सुमारे ४ लाख ६० हजार मृत्यूंचा संबंध कोळशाच्या वीजकेंद्रांतून निघालेल्या सूक्ष्म कणांशी असल्याचे त्यांना आढळले. एकंदर सूक्ष्म कणांच्या तुलनेत कोळशाच्या कणांमुळे मृत्यूची जोखीम दुपटीहून अधिक होती. परंतु त्यातील मला मोलाची वाटलेली गोष्ट पुढेच आहे. यांपैकी बहुसंख्य मृत्यू २००७ पर्यंतचे होते. पुढे काही केंद्रे बंद झाली, उरलेल्यांच्या चिमण्यांना गंधक शोषणारी यंत्रणा बसली आणि आकडा झपाट्याने उतरला. म्हणजे सर्व केंद्रे बंद होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही, चिमणी स्वच्छ केली तरी माणसे वाचतात.

आपल्याकडे हीच यंत्रणा बसवायची होती. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी नवे नियम काढले आणि दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत अनेकदा वाढली. जुलै २०२५ मध्ये नवी अधिसूचना निघाली. तीनुसार दिल्ली परिसर आणि दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतील केंद्रांना ही यंत्रणा सक्तीची राहिली, काही केंद्रांबाबत निर्णय एकेक पाहून होणार आहे आणि सुमारे ७८ टक्के संचांना, चिमणीच्या उंचीचा निकष पाळल्यास, सूट मिळाली. शासनाची बाजू अशी की भारतीय कोळशात गंधक कमी असते, यंत्रणा महाग आहे आणि वीज महागेल. यात तथ्य नाही असे नाही. आपला कोळसा गंधकापेक्षा राखेसाठीच अधिक बदनाम आहे. परंतु उंच चिमणी वायू नाहीसा करीत नाही, तो दूरच्या गावी पोहोचवते. विजेच्या बिलात वाचलेले पैसे पुढे औषधांच्या बिलात द्यावे लागतील, आणि ते बिल वेगळ्याच माणसाच्या नावावर निघेल. ही सूट मला मान्य नाही.

दौंड किंवा शिरूर तालुक्यात औष्णिक केंद्र नाही. पण यवतला जळणारा दिवा आणि विदर्भातील चिमणी एकाच जाळ्यात आहेत. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे केंद्र आणि नागपूरजवळील कोराडी, खापरखेडा ही केंद्रे साऱ्या राज्याला वीज देतात, राख मात्र तेथील लोकांच्या वाट्याला येते. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपास पसरले. त्याच कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्यासाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा विरोध झाला यात नवल नाही. पाण्याचा संबंध तर आपल्या दाराशी आहे. आपल्या तालुक्यावरून वाहणारी मुळा-मुठा आणि भीमा उजनीत जातात, आणि सोलापूरच्या १,३२० मेगावॉट औष्णिक केंद्राचे पाणी उजनीतून जाते. २०१५ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे अनेकांना आठवत असेल.

सौर विजेचा आपल्या भागातील सर्वांत मोठा लाभ छपरावर नसून शेतात आहे, असे माझे मत होत चालले आहे. शेतीपंपांना थ्री फेज वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने, त्यातही रात्री मिळत आली. कालव्याचे आवर्तन आले की पन्नाशी-साठीतील माणूस थंडीत, मध्यरात्री, बॅटरी घेऊन दारे धरायला जातो. उसात बिबट्याचा वावर आहे, बांधावर मण्यार आहे. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. घरी त्याची वृद्ध आई तो परत येईपर्यंत जागी असते आणि सकाळी तिचा रक्तदाब वाढलेला असतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या फीडरना सौर प्रकल्पांची वीज जोडून दिवसा पुरवठा करायचा आहे. ऊन असतानाच पाणी द्यायचे, त्यामुळे येथे बॅटरीचा प्रश्नच उरत नाही. रक्तदाबाच्या गोळीने जे साधत नाही ते कधी कधी विजेच्या वेळापत्रकाने साधते.

मात्र सारा दोष दूरच्या चिमणीवर टाकून आपण मोकळे होऊ नये. चुलीचा धूर वीस-तीस वर्षे घेतलेल्या, आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या स्त्रियांना सीओपीडी होतो. हा मुद्दा २००९ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगापुढे ठळकपणे मांडणारे एक लेखक आपल्या पुण्याचे डॉ. संदीप साळवी होते. घरात गॅस आला, तरी अंघोळीच्या पाण्यासाठी मागीलदारी चूल आहेच, आणि ती पेटविण्याचे काम बहुधा आजीकडेच असते. आपल्या तालुक्यात गुऱ्हाळे पुष्कळ. चिपाडावर चालणाऱ्या गुऱ्हाळाचा धूर एक वेळ सोसता येईल, परंतु प्लॅस्टिक, रबर, टाकाऊ चपला जाळल्या तर तो धूर कोळशाहूनही घातक ठरतो. अशा धुराच्या वाऱ्यात घर असेल तर ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार करा. श्वसनाच्या रुग्णाने हे मुकाट्याने सोसण्याचे कारण नाही.

आता ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांच्यासाठी काही हिशेब. पाच लिटरचे यंत्र साधारण ३५० वॉट वीज घेते, म्हणजे २४ तासांत सुमारे साडेआठ युनिट. १ किलोवॉट पटलांपासून सरासरी दिवसाला चार युनिट मिळतात, तेव्हा केवळ या यंत्रासाठीच २ किलोवॉट लागतात. घरातील नेहमीची १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी नवी असताना हे यंत्र तीन-साडेतीन तास चालवील. त्याच इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवे असतील तर आणखी कमी, आणि बॅटरी जुनी असेल तर तासभरही नाही. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह प्रकारचा असावा. रुग्ण सिलिंडरवर असताना, दिवसा, मुख्य स्विच बंद करून यंत्र प्रत्यक्ष किती वेळ चालते ते घड्याळ लावून पाहा आणि तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा. डीपी जळाला तर आपल्याकडे वीज दोन दोन दिवस येत नाही, हे लक्षात घेता बॅटरीवर सारा भरवसा ठेवता येत नाही. १,५०० लिटरचा भरलेला लहान सिलिंडर मिनिटाला दोन लिटर या गतीने सुमारे बारा तास पुरतो. तो रेग्युलेटर आणि नळीसह घरात तयार असावा आणि तो उघडणे किमान दोघांना यावे.

यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर घाबरून प्रवाह वाढवू नका. सीओपीडीच्या रुग्णांत प्राणवायूची पातळी बहुधा ८८ ते ९२ टक्के ठेवायची असते. तिला ९८ वर नेण्याच्या हौसेने रक्तात कर्बवायू साचतो, रुग्ण गुंगीत जातो आणि घरच्यांना वाटते की छान झोप लागली आहे. प्राणवायू चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती, कंदील, उदबत्ती, देवाचा दिवा यांपैकी काहीही नको. वीज गेली की नेमकी मेणबत्तीच लावली जाते, म्हणून विजेरी हाताशी ठेवावी. डिझेल किंवा रॉकेलचा जनरेटर पडवीत, जिन्याखाली चालवू नये. त्याचा विषारी वायू वास न येता घरात भरतो.

वाफेच्या यंत्रावर असलेल्यांसाठी उपाय सोपा आहे. तेच औषध पंप आणि स्पेसर यांनी नीट घेतले तर बहुतेक रुग्णांत तितकाच गुण देते, आणि त्याला वीज लागत नाही. पुढच्या भेटीला येताना स्पेसर बरोबर आणा आणि डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवा. वयस्कर हातांना पंप दाबणे जमत नसेल तर तो दाबणाऱ्यालाही सोबत आणा.