फुकटचे तिकीट आणि तेलाचे पैसे

गेल्या महिन्यात एका लग्नासाठी आम्ही दोघे सांगलीहून कोल्हापूरला एस.टी.ने गेलो. पंचाहत्तरी उलटलेल्यांना महाराष्ट्र शासनाने २०२२ साली एस.टी.चा प्रवास मोफत केला आणि मीही आता त्या मानकऱ्यांत बसतो. कंडक्टरने आधार कार्ड पाहिले, यंत्राची कळ दाबली आणि शून्य रुपयांचे तिकीट हातावर ठेवले. सौ.चे अर्धे तिकीट. मी माझे तिकीट उलटसुलट करून बघत होतो.

"काय बघताय एवढं?" सौ.ने विचारले.

"डिझेलचे पैसे कुठं लावलेत का ते बघतोय," मी म्हटले.

ती हसली, कारण यामागची गोष्ट तिला माहीत आहे. इतरांना माहीत नाही, आणि त्यात थोडा माझा खोटेपणाही आहे, म्हणून आज ती सांगून टाकतो.

आमचा मुलगा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. त्याचे काम कन्सल्टिंगचे. सोमवारी पहाटे घर सोडायचे, विमानाने दुसऱ्या गावी जायचे, हॉटेलात राहायचे आणि गुरुवारी रात्री परत यायचे. विमान आणि हॉटेल यांची बिले तो आपल्या क्रेडिट कार्डावर भरतो आणि कंपनी मागाहून ते पैसे देते. त्या कार्डावर पॉइंट साठतात, त्या पॉइंटांचे विमान कंपनीकडे 'माइल्स' करून घेता येतात आणि माइल्स पुरेसे झाले की तिकीट मिळते. अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१ मध्ये ही माइल्सची पद्धत सुरू केली आणि पुढे जगभर तिची साथ पसरली.

मुलगा आम्हाला दोन वर्षे बोलावत होता आणि मी नाही म्हणत होतो. त्याचे घर नवे, कर्ज मोठे, मुलगी लहान. मुलाच्या पैशाने हिंडणे मला जमत नाही. हा दोष असेल तर असो, पण मास्तरकीच्या पगारात आयुष्य काढलेल्या माणसाचा तो एकुलता एक तोरा असतो. २०१६ च्या जानेवारीत त्याचा फोन आला. "बाबा, तिकिटं काढलीत. माइल्सवर. एक पैसा लागला नाही." मग मी कबूल झालो, आणि कबूल झालो तो असा की सगळ्या गणगोताला सांगत सुटलो. हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी मी तेव्हा ते "फुकट तिकीट" ऐकवलेले आहे. चिरंजीवांच्या साठवलेल्या माइल्सवर, खिशाला चाट न लावता, वगैरे.

एडिसनला पोचल्यावर आठ-दहा दिवसांनी मी परतीची तारीख बघायला तिकिटाच्या छापील प्रती काढल्या. छापलेले काहीही वाचायची मला खोड आहे. भेळ खाऊन झाली की मी पुडीचा कागद वाचतो. तिकिटावर 'मूळ भाडे' या ओळीसमोर शून्य होते. त्याखाली दोन-दोन अक्षरांचे संक्षेप आणि पुढे आकडे, आणि शेवटी बेरीज. दोघांचे मिळून १,१८० डॉलर. डॉलर तेव्हा ६७ रुपयांच्या घरात होता, म्हणजे ७९ हजार रुपये. त्यातले विमानतळांचे आकार आणि सरकारी कर २६० डॉलरचे. उरलेले ९२० 'वाय क्यू' नावाच्या एकाच ओळीत होते.

संध्याकाळी मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने एकदा कागदाकडे आणि एकदा आईकडे पाहिले. म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात का?"

याला उत्तर नव्हते. दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतेच बोललो. सौ. म्हणाली, "त्यानं बोलावलं, आपण आलो. त्यात हिशेब कसला काढताय?" तिसऱ्या दिवशी सोमवार होता. मला अजून तिकडची झोप लागत नव्हती, म्हणून चार वाजता खाली बसलो होतो. मुलगा बूट हातात घेऊन जिना उतरत होता, पावलांचा आवाज होऊन नात जागी होऊ नये म्हणून. बूट दाराशी घातले, बॅग उचलली, मला बघून नुसती मान हलवली आणि गेला. माइल्स म्हणजे काय ते मला तिथे कळले. 'फुकट' म्हणून मी मिरवत होतो ते मुळातच फुकट नव्हते. ते असल्या कितीतरी पहाटांचे होते.

माझा राग मग मुलावरून उठून त्या 'वाय क्यू'वर जाऊन बसला, आणि अजून तिथेच आहे.

'वाय क्यू' म्हणजे इंधन अधिभार. कोणत्याही सरकारने बसवलेला हा कर नाही. विमान कंपनी स्वतः तो लावते आणि स्वतःच ठेवते. फक्त भाड्यात न मिळवता करांच्या शेजारी छापते, त्यामुळे आपल्याला वाटते तोही करच. ब्रिटिश एअरवेजने २००४ साली तो प्रथम लावला तेव्हा एका फेरीला अवघे अडीच पौंड होते. पुढे दीड वर्षात लांबच्या जाऊन-येऊन तिकिटावर तो साठ पौंडांपर्यंत गेला. या वाढी करताना ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक एकमेकांशी संगनमत करत होत्या, हे नंतर उघड झाले. व्हर्जिनने आधी कबुली दिली म्हणून ती सुटली. ब्रिटिश एअरवेजला २००७ साली ब्रिटनमध्ये १२ कोटी १५ लाख पौंड दंड जाहीर झाला (२०१२ मध्ये तो कमी होऊन ५ कोटी ८५ लाख झाला) आणि अमेरिकेत ३० कोटी डॉलर.

आता जानेवारी २०१६ कडे परत या. २०१४ च्या मध्याला पिंपामागे ११० डॉलरच्या वर असलेले कच्चे तेल त्या महिन्यात ३० डॉलरच्या खाली आले होते. बारा वर्षांतला नीचांक म्हणून मी स्वतः वर्तमानपत्रात वाचले होते. आणि त्याच महिन्यात माझ्या तिकिटावर तेलाचे ९२० डॉलर! तेल उतरल्यावर बऱ्याच कंपन्यांनी काय केले, तर अधिभार तसाच ठेवून त्याचे नाव बदलले. 'इंधन' शब्द काढला आणि 'कॅरिअर इम्पोज्ड चार्ज' लिहू लागल्या, म्हणजे कंपनीने लादलेला आकार. निदान नाव तरी खरे झाले, असे म्हणायचे. अमेरिकेतल्या काही ग्राहकांनी ब्रिटिश एअरवेजवर दावा लावला होता की माइल्सच्या तिकिटांवरच्या या अधिभाराचा तेलाच्या खर्चाशी संबंधच नाही. कंपनीने २०१८ मध्ये तडजोड केली.

माझा भाचा हिशेबतपासनीस आहे. तो म्हणाला, "मामा, विमानाला तेल लागतं. ते कोणी तरी भरायलाच पाहिजे." बरोबर आहे. एस.टी.लाही डिझेल लागते. जानेवारी २०२५ मध्ये एस.टी.ने भाडे १४.९५ टक्के वाढवले तेव्हा आपण कुरकुरलो आणि वाढीव भाडे दिले. कारण भाडे म्हणजेच गाडी, डिझेल आणि ड्रायव्हर. डिझेल सोडून उरलेल्या गाडीचे भाडे असे काही नसतेच. भाचा म्हणाला, वीजबिलात 'इंधन समायोजन आकार' असतो की. असतो. पण तो महावितरणला मनाला येईल तेवढा लावता येत नाही. वीज नियामक आयोगाचे सूत्र असते आणि तो कधी कधी उणेही होतो. जपानी कंपन्यांचा अधिभार मला याच कारणाने पटतो. विमानाच्या इंधनाच्या दराप्रमाणे किती आकार, याचा तक्ता त्या आधी प्रसिद्ध करतात आणि दर दोन महिन्यांनी बदलतात. २०१६ मध्ये तेल उतरल्यावर तो आकार शून्य झाला होता.

मग भाड्यातून वेगळा का काढायचा? कारण सोयीचे आहे. एजंटचे कमिशन मूळ भाड्यावर, मोठ्या कंपन्यांना द्यायची सूट मूळ भाड्यावर, आणि माइल्सनी फिटते तेही मूळ भाडेच. मूळ भाडे जितके बारीक, तितके या तिघांना कमी द्यावे लागते. आमच्या तिकिटाचा हिशेब मी तिथल्या वर्तमानपत्राच्या समासात मांडला होता. रोख तिकीट माणशी हजार डॉलरच्या आसपास होते, दोघांचे दोन हजार. भरले १,१८०. वाचले ८२०. त्यासाठी माइल्स गेले १ लाख ६० हजार. म्हणजे एका माइलचा अर्धा सेंट. इतक्या पहाटे अर्ध्या सेंटाने विकल्या गेल्या.

त्या वर्षापासून मुलगा आणि मी (तो फोनवर, मी वहीत) याचा अभ्यास करतो. मुख्य गोष्ट अशी की तेच विमान, तीच खुर्ची, पण कोणाच्या माइल्सवर घेता यावर अधिभार ठरतो. लुफ्तान्साचे तिकीट लुफ्तान्साच्या स्वतःच्या योजनेत घेतले तर अधिभार बसतो. तेच युनायटेडच्या माइल्सवर घेतले तर बसत नाही, कारण युनायटेड भागीदार कंपन्यांचा अधिभार प्रवाशाकडून घेत नाही. एअर कॅनडाच्या एरोप्लॅनने नोव्हेंबर २०२० पासून तो घेणे बंद केले, फक्त भागीदारांच्या तिकिटावर थोडी फी घेतात. सिंगापूर एअरलाइन्सने २०१७ मध्ये आपल्या स्वतःच्या विमानांच्या माइल्स-तिकिटांवरचा अधिभार काढून टाकला. हाँगकाँगमध्ये २०१६ ते २०१८ सरकारची मनाईच होती, तेव्हा तिथून निघणाऱ्याला हा त्रास नव्हता. म्हणून कार्डाचे पॉइंट घाईने एकाच कंपनीत ओतून मोकळे होऊ नये. आधी तिकीट शोधावे, शेवटच्या पानावरची बेरीज बघावी आणि मग पॉइंट वळवावेत, कारण एकदा वळवलेले पॉइंट परत येत नाहीत. आमच्या मुलाने २०१६ मध्ये नेमके उलटे केले होते. आणि कधी कधी रोख तिकीटच स्वस्त पडते, तेव्हा माइल्सना हात लावू नये. लंडनची गोष्ट जरा वेगळी. तिथून प्रवास सुरू केला, किंवा तिथे चोवीस तासांपेक्षा जास्त थांबून पुढे निघाले, तर ब्रिटिश सरकारचा प्रवासी कर लागतो. तो खराखुरा कर आहे, माइल्सच्या युक्तीने टळत नाही.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी युनायटेडच्या माइल्सवर टर्किश एअरलाइन्स, मुंबई-इस्तंबूल-नेवार्क. बेरजेच्या ओळीत दोघांचे मिळून १७० डॉलर, तेही सगळे कर आणि विमानतळांचे आकार. माइल्स मात्र पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त गेले. युनायटेडने २०१९ पासून ठरावीक तक्ताच काढून टाकला आहे, मागतील तेवढे द्यायचे. पण याचा मला तितका राग येत नाही. इतके माइल्स घेऊ म्हणतात, तितकेच घेतात. पटले तर द्या, नाही तर घरी बसा. व्यवहार समोरासमोर होतो.

या वाचवावाचवीलाही किंमत असते हे सांगायला हवे, नाही तर सौ. मला हे छापू देणार नाही. इस्तंबूलचा विमानतळ अवाढव्य आहे. मुलाने व्हीलचेअर सांगितली होती, ती माझ्या हट्टामुळे आम्ही नाकारली. "मला काय झालंय?" हे माझे वाक्य. सौ.चे गुडघे त्यानंतर आठवडाभर बोलत होते. त्याआधी मुलाने आणखी स्वस्त एक वाट काढली होती, मध्ये तेरा तासांचा मुक्काम, बाकड्यावर. ती त्याच्या आईने एका वाक्यात निकालात काढली. सत्तरीनंतर अधिभार टाळायचा तो चार तासांच्या थांब्यापर्यंत. त्यापुढे द्यावेत पैसे.

आता आमच्यात एक करार आहे. तिकीट काढले की मुलगा शेवटच्या पानाचा फोटो पाठवतो, बेरजेसकट. मी 'फुकट' हा शब्द वापरत नाही आणि तो 'एक पैसा लागला नाही' म्हणत नाही. त्याचा सोमवारचा प्रवासही आता महिन्यातून एकदाच असतो, त्यामुळे माइल्स हळू साठतात. नात आठवीत गेली आहे, पहाटे चारला कोण जातो-येतो याचे तिला आता काही वाटत नाही.

परवा त्याने पुढच्या मे महिन्याचा फोटो पाठवला. एका तिकिटावर अधिभार नाही पण दोन थांबे, दुसऱ्यावर एकच थांबा आणि माणशी २१० डॉलर अधिभार. मी वही काढली. सौ.ने फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा लावून दोन्ही नीट पाहिले आणि मुलाला विचारले, "त्या दुसऱ्यात व्हीलचेअर सांगितलीस का रे?"