गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका

पाठीवर, मांडीवर किंवा दंडावर त्वचेखाली एखादी मऊ गाठ असणे ही घराघरांतली गोष्ट आहे. बहुतेक वेळा ती चरबीची साधी गाठ असते आणि जन्मभर काही त्रास देत नाही. म्हणून ‘दुखत नाही ना, मग राहू द्या’ असे घरातली मोठी माणसे सांगतात आणि बहुतेकदा ते खरेही ठरते. या महिन्यात आम्ही लिहीत आहोत ते उरलेल्या थोड्या गाठींबद्दल. त्यांना डॉक्टर ‘सार्कोमा’ म्हणतात.

सार्कोमा हा चरबी, स्नायू, नसा, रक्तवाहिन्या अशा मऊ भागांत होणारा कर्करोग आहे. मोठ्या माणसांना होणाऱ्या सगळ्या कर्करोगांत त्याचा वाटा सुमारे 1 टक्का. तो इतका विरळ असल्यामुळेच चटकन कोणाच्या ध्यानात येत नाही, कधी कधी डॉक्टरांच्याही नाही. आणि तो सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखणे नसणे म्हणजे धोका नसणे, ही समजूत इथे घात करते.

मटण साफ करताना मांसावर एक पांढरी, चिवट झिल्ली दिसते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. आपल्या शरीरातही स्नायूंवर असेच आवरण असते. त्या आवरणाच्या वर, म्हणजे त्वचा आणि स्नायू यांच्यामध्ये जी गाठ असते ती वरवरची. आवरणाच्या खाली असते ती खोल. वरवरच्या सार्कोमाचे रुग्ण खोल सार्कोमाच्या रुग्णांपेक्षा एकंदरीत जास्त काळ जगतात. याचे एक साधे कारण असे की वरची गाठ हाताला लवकर लागते आणि लहान असतानाच काढता येते. पण ‘वरवरची’ याचा अर्थ ‘किरकोळ’ असा कोणी घेऊ नये. रुग्णाचे पुढे काय होणार हे इतर काही गोष्टींवर ठरते.

पहिली गोष्ट म्हणजे गाठीची श्रेणी, म्हणजेच ग्रेड. पेशी मूळ पेशींपासून किती बदलल्या आहेत, त्या किती वेगाने वाढत आहेत आणि गाठीचा किती भाग आतून मेला आहे, या तीन बाबी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून 1 ते 3 अशी श्रेणी देतात. श्रेणी 3 असेल तर रोग फुप्फुसात पोचण्याची भीती जास्त, मग गाठ त्वचेच्या कितीही जवळ असो.

दुसरी गोष्ट आकार. 5 सेंटीमीटर, म्हणजे साधारण कोंबडीच्या अंड्याच्या लांबीएवढी गाठ, ही डॉक्टरांची पहिली खूण. त्याहून मोठी गाठ म्हणजे जास्त जोखीम. अमेरिकेच्या कर्करोग समितीने रोगाच्या टप्प्यांची जी आठवी आवृत्ती काढली, तिच्यात हात, पाय आणि धड यांच्या सार्कोमासाठी खोलीचा निकष वगळला आणि आकाराचे बारकाईने चार भाग केले. म्हणजे गाठ वर आहे की खाली, यापेक्षा ती केवढी आहे याला वजन आले.

तिसरी गोष्ट रोगाचा प्रकार आणि रुग्णाचे वय. त्वचेतच उगवणारा एक प्रकार वर्षानुवर्षे हळू वाढतो, काढल्यावर त्याच जागी परत येतो, पण दूर क्वचितच पसरतो. उतारवयात हातापायांवर होणारा दुसरा एक प्रकार आजूबाजूला मुळांसारखा शिरतो. रक्तवाहिन्यांचा सार्कोमा मात्र फार आक्रमक. स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारानंतर वर्षानुवर्षे सुजलेल्या हातावर तो क्वचित होतो. अशा हातावर जांभळट डाग उठला तर एक दिवसही वाया घालवू नये.

चौथी गोष्ट आपल्या हातातली आहे आणि म्हणून सर्वांत महत्त्वाची: पहिली शस्त्रक्रिया कशी झाली. अनेकदा गाठ साधी समजून लहान दवाखान्यात जागा बधिर करून काढली जाते. ती तपासणीला पाठवतातच असे नाही. काही महिन्यांनी ती परत येते आणि मग खरे निदान होते. अशा रुग्णांची दुसरी शस्त्रक्रिया करताना पुष्कळदा मागे राहिलेला रोग सापडतो. सार्कोमा भोवतालच्या निरोगी भागाच्या कडेसकट काढावा लागतो; नुसता उकरून काढला तर मुळे मागे राहतात.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. गाठ मोठी असेल, वाढत असेल, दुखू लागली असेल, खोल वाटत असेल किंवा काढल्यावर परत आली असेल, तर आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय, मग जाड सुईने तुकडा काढून तपासणी आणि त्यानंतर शस्त्रक्रिया. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती आपल्या मोहल्ल्यांत फार आहे. सार्कोमा हाताळणाऱ्या डॉक्टरांनी नीट जागा पाहून घेतलेल्या सुईच्या तपासणीत असा धोका नगण्य असतो. तपासणी न करता सुरी लावण्यात तो खरा असतो. आणि गाठ कितीही साधी वाटो, काढली की ती तपासणीला पाठवायला सांगाच.

अशा गाठीवर हिजामा करणे, तेल लावून रगडणे, चुना किंवा लेप लावून ती ‘फोडणे’ हे करू नये. त्यात मोलाचे महिने जातात. आमच्या भगिनींना आणखी एक विनंती. मांडीवर, कमरेवर किंवा छातीजवळ गाठ असेल तर संकोचाने ती लपवू नका. महिला डॉक्टर मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण दाखवणे टाळू नका. सासू, आई, नणंद यांनीही विचारपूस करावी.

‘हात कापतील, पाय कापतील’ ही धास्ती रुग्णाला घरी बसवते. 1982 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 43 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींचा अवयव कापला होता, काहींचा वाचवून त्यावर किरणोपचार दिले होते. दोन्ही गटांच्या जगण्यात फरक पडला नाही. तेव्हापासून अवयव वाचवणे हाच नियम झाला. लहान, कमी श्रेणीची आणि स्वच्छ कडेसह निघालेली वरवरची गाठ असेल तर बहुधा किरणांचीही गरज पडत नाही.

मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 पासून कर्करोगाचे काम करीत आहे आणि तिथे सार्कोमासाठी जाणकार डॉक्टर आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. आधी कुठे शस्त्रक्रिया झाली असेल तर तिथून अहवालाबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. त्यावरून निदान पुन्हा तपासता येते. उपचार संपल्यावर पहिली दोन-तीन वर्षे दर काही महिन्यांनी जागेची आणि छातीची तपासणी चुकवू नका.

दुआ तर आपण करतोच. तिच्याबरोबर आज एक काम करा: घरात कोणाला गाठ आहे का ते विचारा, फूटपट्टीने मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. महिन्याभराने पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दवाखाना गाठा. गाठ आजच अंड्याएवढी असेल तर मात्र महिनाभरही थांबू नका.